निर्जन जागेचा शोध

गेल्या पौष महिन्यांत शेजारच्या एका गृहस्थांनीं मला अगदीं साधा प्रश्न विचारला, आणि त्याचें उत्तर देण्यास मला तीन आठवडे लागले. आम्ही मुलांना घेऊन बीड जिल्ह्यांतील एका डोंगरावर तंबू ठोकून रात्र काढली होती. त्या वेळचीं कांहीं छायाचित्रें त्यांनीं पाहिलीं. "ही जागा कोठें आली? मोटार अगदीं जवळ जाते, आसपास चिटपांखरूं दिसत नाहीं, मुलांना मोकळें सोडतां येतें. आम्हांलाहि अशीच हवी आहे," असें ते म्हणाले. त्यांचीं मुलें आमच्या मुलांएवढींच, एक चार वर्षांचें आणि एक सात वर्षांचें. गृहस्थ सज्जन आहेत. शेजारधर्माला जागून मीं जागेचें नांव तेव्हांच सांगून टाकावयाचें. पण मी "सांगतों, सांगतों" म्हणत राहिलों. माझी जीभ कां अडखळली याचा विचार करूं लागलों, तेव्हां लक्षांत आलें कीं, तिला अडविणारीं कारणें दोन होतीं. त्यांपैकीं एक हलकें होतें, आणि दुसरें त्या वेळीं माझें मलाच नीट उलगडलें नव्हतें.

हलकें कारण वाचकांनीं ओळखलेंच असेल. जागा सांगितली कीं ती दहा जणांना कळणार, दहांची शंभर होणार, आणि पुढच्या वर्षीं आम्ही तेथें जाऊं तेव्हां आमच्या आधीं तेथें चार मोटारी उभ्या असणार! गर्दी हा शब्द व्याकरणांत नाम असला तरी व्यवहारांत तो तृतीयपुरुषी सर्वनामासारखा वापरला जातो. 'ते' सगळे गर्दी असतात. 'आम्ही' गर्दी कधींच नसतों. पावसाळ्यांतल्या एखाद्या रविवारीं कोणत्याहि घाटांत मोटारींची रांग अडकून पडलेली पाहा. रांगेंतल्या प्रत्येक मोटारींत एक कुटुंब बसलेलें असतें आणि तें 'काय ही गर्दी!' म्हणून कपाळाला हात लावीत असतें. आपल्या मोटारीमुळें ती रांग एका मोटारीनें लांबली आहे, हें त्यांतल्या एकाच्याहि मनांत येत नाहीं.

या बाबतींत मोठमोठीं माणसेंहि सुटलेलीं नाहींत. वर्डस्वर्थ या इंग्रज कवीचें उदाहरण मला नेहमीं आठवतें. इंग्लंडच्या वायव्येकडील सरोवरांच्या डोंगराळ मुलुखांत तो जन्मला आणि आयुष्याचा मोठा भाग तेथेंच राहिला. १८१० सालीं त्यानें त्या मुलुखाचें वर्णन लिहिलें. पुढें तेंच स्वतंत्र मार्गदर्शिकेच्या रूपानें पुन्हा पुन्हा छापलें गेलें, आणि तें हातीं घेऊन माणसें तेथें जाऊं लागलीं. पण १८४४ सालीं केंडालहून विंडरमियरकडे आगगाडी नेण्याचें घाटलें, तेव्हां हाच कवि वर्तमानपत्रांत पत्रें लिहून तिच्या विरोधास उभा राहिला. कामकरी लोक गाड्या भरभरून येतील, तेथील निवांतपणा नासेल, आणि इतकें करून त्या लोकांना त्या निसर्गाची गोडी कळणारहि नाहीं, असा त्याच्या म्हणण्याचा रोख होता. १८४७ सालीं आगगाडी आलीच.

त्याचें सगळेंच चुकलें होतें असें मात्र मी म्हणणार नाहीं. साताऱ्याजवळचें कासचें पठार पश्चिम घाटाबरोबर २०१२ सालीं जागतिक वारशाच्या यादींत गेलें, आणि मग फुलांच्या हंगामांत तेथें इतकीं माणसें लोटलीं कीं, रोज किती जणांना आंत सोडावयाचें याची मर्यादा घालावी लागली. पायाखालीं चुरडलेलीं फुलें कोणाच्या पायाखालीं चुरडलीं याची चौकशी करीत नाहींत. तेव्हां गर्दीनें जागा बिघडते हें खरें. पण मीं पाहून झाल्यावर दार लावून घ्यावें हा अधिकार मला कोठून मिळाला, हा प्रश्नहि तितकाच खरा आहे. पहिल्या कारणाबद्दल इतकें पुरे. तें कारण मोठेंसें नव्हे.

मुळांत निर्जन जागा शोधण्याची गरज कां पडते, हें मात्र हंसण्यावारी नेऊं नये. आम्ही छत्रपति संभाजीनगरांत तिसऱ्या मजल्यावर राहतों. आमच्या चार वर्षांच्या मुलानें खरा काळोख पाहिलेला नव्हता. रस्त्यावरच्या दिव्याचा पिंवळा उजेड रात्रभर त्याच्या पांघरुणावर पडलेला असतो. दिवसभर आम्ही त्याला सांगतों ती वाक्यें मोजलीं तर त्यांतलीं निम्मीं 'नको', 'थांब', 'हळू', 'खालच्या लोकांना त्रास होतो' या शब्दांनींच संपतात. अशा मुलाला दोन दिवस तरी कोठें ओरडतां यावें, धांवतां यावें, मातींत लोळतां यावें, असें आईबापांना वाटलें तर तो कांहीं चैनीचा हट्ट नव्हे. त्यांतून लहान मुलें बरोबर असलीं कीं, गडावर चढून जाणें नाहीं, पाठीवर ओझीं नेणें नाहीं. मोटार हाताशीं हवी, कारण मध्यरात्रीं एखाद्याला ताप भरला तर तासाभरांत दवाखाना गांठतां आला पाहिजे. जवळ कडा नको, विहीर उघडी नको, आणि पाणी तर पाहिजेच. एवढ्या अटी घालून वर 'गर्दी नको' म्हटलें कीं, सह्याद्रींतलीं नांवाजलेलीं ठिकाणें एकेक करून गळून पडतात. म्हणून आम्हीं बालाघाटाकडे मोर्चा वळविला.

बीड जिल्ह्याच्या उत्तरेस गेवराई-माजलगांवकडचा गोदावरीकांठचा सखल, काळ्या जमिनीचा मुलूख आहे. मध्यावर आणि दक्षिणेस बालाघाटाची रांग पसरली आहे. सह्याद्रीचें रौद्रपण या डोंगरांत नाहीं. माथे सपाट, उतार मुरमाड, त्यांवर सीताफळीचीं झुडपें, बोरी, बाभळी, मधून मधून एखादा पळस. पाऊस वर्षाकांठीं साडेसहाशे मिलिमीटरांच्या आसपास, तोहि ज्या वर्षीं सरळ पडेल त्या वर्षीं. मांजरा नदी इथल्याच पाटोदा तालुक्यांत उगम पावते. इथल्या नांवाजलेल्या जागांनाहि गर्दी होते. पण ती ऋतूची आणि तिथीची गर्दी. सौताड्याचा धबधबा पावसाळ्यांत कोसळतो, आणि श्रावणांत खालच्या दरींतील रामेश्वराच्या दर्शनाला रीघ लागते. कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीपाशीं कार्तिकांत यात्रा भरते. अंबाजोगाईजवळच्या दरींत मुकुंदराजांच्या समाधीपाशीं भाविक आणि मराठीचे अभ्यासक दोघेहि जातात. नायगांवच्या मयूर अभयारण्यांत मोर भरपूर. परंतु तेथें वन खात्याच्या परवानगीवांचून पाऊल टाकतां येत नाहीं, मग मुक्कामाची गोष्टच दूर, आणि तें योग्यच आहे. या ठिकाणांपासून दोन-चार कोस आंत वळलें कीं मात्र मार्गशीर्ष-पौषांत सगळीकडे निवांत. हवा कोरडी, रात्री थंड, आकाश असें कीं, आमच्या मुलीनें पहिल्यांदां वर पाहिलें तेव्हां 'इतके कशाला?' असें विचारलें.

धोके नाहींत असें मात्र कोणी समजूं नये. डिसेंबरांत गवत वाळलेलें असतें. एक ठिणगी उडाली तर सबंध उतार पेट घेतो. गवताचीं कुसळें मुलांच्या मोज्यांत अशीं रुततात कीं, रात्रीचा अर्धा तास तीं वेंचण्यांत जातो. आणि २०२० च्या नोव्हेंबरांत आष्टी तालुक्यांत बिबट्यानें माणसें मारलीं, त्यांत एक लहान मुलगाहि होता. पुढें डिसेंबरांत करमाळा तालुक्यांत त्या बिबट्याला गोळी घालावी लागली. तेव्हां अंधार पडल्यावर मुलांना एकटें झुडपाआड पाठवावयाचें नाहीं, आणि उरलेलें अन्न उघड्यावर टाकावयाचें नाहीं, हे नियम आम्हीं घरूनच ठरवून नेले होते.

आम्हांला सांपडलेली जागा पाटोदा तालुक्यांतल्या एका लहान गांवापासून हांकेच्या अंतरावर होती. कच्च्या वाटेनें मोटार वर चढली आणि समोर जणूं आमच्यासाठींच आंखून ठेवलेली एक गोल, सपाट, टणक जमीन दिसली. तिच्यावर खडा नाहीं, कुसळ नाहीं. मधोमध एक लहानसा खड्डा, तोहि विस्तव पेटविण्यास अगदीं सोयीचा. निसर्गाची ही कृपा पाहून आम्ही धन्य झालों. तंबू ठोकला, खड्ड्यांत काटक्या पेटविल्या, तिच्यावर चहाचें आधण ठेवलें. गांवाकडे पाहिलें तर बहुतेक घरांना कुलुपें. एका घरापुढें शेळी बांधलेली, एका ओट्यावर कोणी म्हातारें माणूस उन्हाला बसलेलें, एवढीच काय ती हालचाल. 'इतका शांत गांव मीं पाहिला नाहीं,' असें मी सौभाग्यवतींना म्हटल्याचें मला चांगलें आठवतें. आतां तें वाक्य आठवलें कीं माझी मलाच लाज वाटते.

थोड्या वेळानें एक म्हातारी बाई आणि तिच्यामागून एक नऊ-दहा वर्षांचा मुलगा व एक सहा वर्षांची मुलगी अशीं वर आलीं. बाई कांहीं वेळ आमच्याकडे पाहत उभी राहिली. मग म्हणाली, "दादा, पायताणं तरी काढायची. खळं हाय ते."

मी गोंधळून उठलों. ती निसर्गाची कृपा नव्हती; तें त्या बाईचें खळें होतें. वर्षानुवर्षें शेणानें सारवून, बैल फिरवून टणक केलेलें. ज्या खड्ड्यांत आमचा चहा उकळत होता, तो तिवड्याचा खड्डा. खळ्यांत चपला घालून जाऊं नये, हें मला पुस्तकांतून माहीत होतें. माझे आजोबाहि शेतकरीच होते. पण खळें समोर असतां मला तें ओळखूं आलें नाहीं. आम्ही तंबू उपटूं लागलों तर तिनेंच थांबविलें. "ऱ्हाऊ द्या आता. मळणी तर मशीननं होती. पण खळं ते खळंच," एवढें बोलून तिनें वाळक्या शेणकुटाच्या तुकड्यानें विस्तव खड्ड्यांतून बाजूला ओढून दिला. तिच्या बोलण्यांत राग नव्हता, आणि फारसें अगत्यहि नव्हतें. परक्याच्या गुरानें शेतांत तोंड घातलें म्हणजे जसें त्याला बाहेर काढतात, तितक्याच सहजपणें तिनें तें काम केलें.

मुलांना ओळख करून घ्यायला वेळ लागत नाहीं. त्या मुलानें तंबूभोंवतीं एक फेरी मारली, कापड चिमटींत धरून पाहिलें आणि आमच्या मुलीला विचारलें, "ही तुमची कोपी का?" तिला तो शब्द ठाऊक नव्हता. "हा तंबू आहे," ती म्हणाली. त्यानें मान डोलावली. शब्द वेगळा असला तरी वस्तु त्याच्या ओळखीची होती. "कोणत्या कारखान्याला आलाव?" मग पुन्हा, "तोंड वाऱ्याकडं केलंय. रातच्याला गार लागंल." आणि मग, "किती म्हैने ऱ्हाणार?" आमची मुलगी म्हणाली, "उद्यां सकाळीं जाणार." तो आजीकडे वळला आणि हंसूं लागला. "आज्जे, एका दिसासाठी कोपी!"

वाचकांपैकीं पुष्कळांना हें माहीत असेल. मलाहि माहीत होतें. १९७२ च्या दुष्काळानंतर बालाघाटांतल्या या गांवांतून ऊसतोडीला जाण्याचें प्रमाण वाढत गेलें. पाटोदा, आष्टी, शिरूर, धारूर, केज, वडवणी या तालुक्यांतून दसरा-दिवाळीनंतर माणसें निघतात तीं कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणें, सोलापूर, अहिल्यानगर येथील आणि कर्नाटकांतीलहि कारखान्यांच्या उसाच्या फडांत पोहोंचतात, आणि गाळप संपलें कीं, फाल्गुन-चैत्रांत परत येतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो. मुकादमाकडून हंगामाआधीं 'उचल' घेतलेली असते आणि ती अंगावरच्या कामानें फेडावयाची असते. राहावयाला कोपी, म्हणजे ताडपत्री, बांबू आणि चिपाडें यांची वाकून आंत शिरावयाची झोंपडी. लहान मुलें बरोबर जातात. शाळेंत जाणारीं कधीं आजी-आजोबांपाशीं गांवींच राहतात, कधीं शासनाच्या हंगामी वसतिगृहांत, आणि कधीं शाळा सोडून फडांत. हें सगळें मीं वर्तमानपत्रांत वाचलेलें होतें, दोनदां त्यावर चार माणसांत हळहळ व्यक्त केली होती. आणि तरीहि कुलुपें लावलेल्या घरांचा तो गांव समोर दिसत असतां मला तो 'शांत' वाटला!

तेथें माझ्या मनांतलें दुसरें कारण मला दिसूं लागलें. मार्गशीर्ष-पौष हा बालाघाटांत तंबू ठोकण्याचा सर्वांत चांगला काळ. आणि बालाघाटांतलीं गांवें निम्मींअधिक रिकामीं होण्याचाहि तोच काळ. हा योगायोग नव्हे. पाऊस संपला, थंडी पडली, चिखल आटला, म्हणजे मुलांना डोंगरावर नेतां येतें. आणि त्याच कारणानें ऊसहि तोडतां येतो. आम्हीं ज्याला त्या जागेचा गुण समजत होतों, तो त्या जागेचा गुण नव्हताच. तेथल्या माणसांची गैरहजेरी होती ती. आमच्या मुलांना मिळालेल्या निवांतपणाची एक बाजू अशी होती कीं, त्याच रात्रीं त्या दोन मुलांचे आईबाप दोनशें-अडीचशें किलोमीटरांवर कोठें तरी उघड्या रानांत, कापडाखालीं, आमच्यासारखेच, पण चार-पांच महिन्यांसाठीं निजलेले होते.

माझ्या एका मित्रापाशीं मीं हें बोललों, तेव्हां तो वैतागला. तो म्हणाला, "तुम्हां लोकांना सुखानें चहाहि पितां येत नाहीं. तूं तंबू ठोकला नसतास तर त्यांची उचल फिटली असती का? तुझ्या मुलांनीं तारे पाहिले म्हणून कोणाच्या अंगावर एक मोळी जास्त पडली का? मग हें कसलें पाप?" हा आक्षेप खोटा नाहीं, आणि त्याला झटकून टाकणें मला बरें वाटत नाहीं. एखाद्याच्या दुःखाशेजारीं आपण सुखी असणें हा जर अपराध धरला, तर मग घरांत बसून राहणेंहि निरपराध ठरत नाहीं. घरांतल्या चहांत साखर असतेच. नुसती खंत करून घेणें ही तर फार स्वस्त गोष्ट आहे. तिला वेळ लागत नाहीं, पैसा लागत नाहीं, आणि वर आपण संवेदनशील असल्याचा आनंद मिळतो तो निराळाच.

म्हणून मी असें म्हणत नाहीं कीं, त्या डोंगरावर जाऊं नये. जावें. मुलांना काळोख दाखवावा. माझी हरकत आहे ती 'निर्जन' या शब्दाला, आणि त्या शब्दाच्या आडून येणाऱ्या वागणुकीला. जागा निर्जन आहे असें एकदां मनानें घेतलें कीं, कोणाला विचारावयाचें उरत नाहीं. वास्तविक डोंगरावरच्या अगदीं ओसाड दिसणाऱ्या उतारालाहि गट क्रमांक असतो. तो कोणाच्या नांवावर असतो, नाहीं तर गायरान असतो, देवस्थानाचा असतो, नाहीं तर वन खात्याचा असतो. गायरानांत ज्या झाडाखालीं आपण चूल मांडतों, तेथें दुपारीं कोणाच्या शेळ्या बसतात. ज्या झऱ्यावर आपण साबण लावून भांडीं घासतों, त्याचेंच पाणी एप्रिलांत गांव हंड्याहंड्यानें भरतें. आम्हीं खळ्यावर विस्तव पेटविला तो दुष्टपणानें नव्हे. विचारण्यासारखें कोणी तेथें आहे हेंच आमच्या डोक्यांत नव्हतें. शहरांत दुसऱ्याच्या फाटकापुढें मोटार उभी करतांना जो माणूस दोनदां घंटा वाजवतो, तोच माणूस डोंगरावर गेला कीं दुसऱ्याच्या शेतांत खुशाल खुंट्या ठोकतो.

आणि मुलांच्या दृष्टीनें पाहिलें तरी, निर्जनता त्यांना खरोखरच हवी असते का, याचाहि मला आतां संशय येतो. ती हवी असते आम्हांला, दिवसभर माणसांना कंटाळलेल्या मोठ्या माणसांना. आमच्या मुलांनीं घरीं आल्यावर ताऱ्यांविषयीं एक दिवस सांगितलें आणि त्या दोन मुलांविषयीं महिनाभर. आपल्याकडे घराबाहेर जेवण्या-निजण्याची रीत नवी नाहीं. परंतु ती माणसें टाळण्यासाठीं कधींच नव्हती. मार्गशीर्ष अमावास्येची वेळ अमावास्या घ्या. लातूर-धाराशिव भागांत, आणि त्यांना लागून असलेल्या अंबाजोगाई-केजकडेहि, त्या दिवशीं घरें ओस पडतात आणि शेतें भरतात. रानांत कडब्याची कोप उभारतात, आंत पूजा मांडतात, भज्जी, आंबील आणि बाजरीचे उंडे यांचें जेवण होतें, आणि वाटेनें जाणाऱ्या अनोळखी माणसालाहि हांक मारून बसवितात. ज्याला शेत नाहीं तो दुसऱ्याच्या शेतांत जातो. तेथें आपण एकटेच असावें अशी इच्छा कोणी बोलून दाखविली तर लोक त्याची प्रकृति विचारतील. ती कडब्याची कोप आणि फडांतली ताडपत्रीची कोपी, दोन्ही शब्द एकाच घरचे. एकीचा मुक्काम सूर्यास्तापर्यंत आणि दुसरीचा चैत्रापर्यंत. आमचा तंबू या दोहोंच्या मध्यें कोठें तरी बसतो, आणि मला वाटतें, त्यानें पहिलीकडून थोडें शिकावें.

तीन आठवड्यांनीं मीं शेजाऱ्यांना उत्तर दिलें. गांवाचें नांव सांगितलें. पण नकाशावर बोट ठेवून 'येथें' असें दाखविलें नाहीं. "आधीं गांवांत जा. शेळी बांधलेल्या घरीं एक आजी असतात, त्यांना विचारा, त्या सांगतील तेथें तंबू ठोका. खळ्यावर नको. पाणी घरून न्या, त्यांच्याकडे मागूं नका. आणि मुलांसाठीं खाऊ न्याल तर चौघांना पुरेल इतका न्या," असें म्हणालों.

त्यांचा चेहरा किंचित् उतरला. "म्हणजे तेथें माणसें आहेत तर!"

"आहेत," मी म्हटलें. "सध्यां थोडीं आहेत. चैत्रांत पुष्कळ असतात."

हें माझ्या तोंडून सहज निघालें. पण आमच्या मुलीनें तें पकडलें. त्या मुलांचे आईबाप परत आल्यावर आपण पुन्हा जावयाचें, असा तिनें लकडा लावला. चैत्रांत बालाघाटांत मुलांना नेऊं नये असें कोणीहि शहाणा माणूस सांगेल. ऊन चाळीस अंशांच्या पुढें, झाडांना पानें नाहींत, कित्येक गांवांना पाणी टँकरनें. तरी परीक्षा संपल्यावर आम्ही गेलों, आणि शेजारीहि कुतूहलानें आले. कुलुपें निघालेलीं होतीं. गल्लींत ट्रॅक्टर उभे, ओट्यांवर माणसें, भिंतींना नवा चुना, आणि दोन घरांत लग्नें. आजींचा मुलगा ऊस तोडून काळवंडलेल्या हातांनीं शेळीला पाला घालीत होता. मीं त्याला हंगाम कसा झाला तें विचारलें. "फिटली न्हाई समदी," तो उचलीबद्दल म्हणाला, "दसऱ्याला पुन्हा निघायचं." आणि मग त्यानें माझ्या मोटारीचा दर किलोमीटरचा खर्च विचारला; त्याला त्यांत अधिक रस होता.

त्या रात्रीं आम्ही मोठीं माणसें त्यांच्या अंगणांतच आडवीं झालों. तंबू मुलांनीं हट्टानें उभा केला. त्याचें तोंड कोणीकडे करावयाचें तें आजींच्या नातवानें ठरविलें. लग्नाची वाजंत्री बारा वाजेपर्यंत चालू होती, कुत्रीं भुंकत होतीं, उकाड्यानें अंगाची लाही होत होती. शेजाऱ्यांना झोंप आली नाहीं, मलाहि आली नाहीं. एकदां विजेरी घेऊन मीं तंबूंत डोकावलों, तर आंत सात मुलें कोंबलेलीं होतीं, आणि त्यांतलीं आमचीं कोणतीं तें मला चटकन् ओळखतां आलें नाहीं.